वाढत्या अंगाची खुर्ची

हॅलो?… हॅलो, कोन?… हो, हो, दवाखानाच हाय. कर्जत… मालनबाई? मीच की मालनबाई. हितली आया… कुठनं?… अमेरिका? जोडा, जोडा दादा, माजी लेक हाय ती… हो, थांबते. हलत नाय हितनं.

भागी, झाडनं ऱ्हाऊ दे, ते दार लोट गं जरा. बाहेर गजाच्या टेंपोची घरघर चाललीय, मला काय ऐकू येनार नाय… आन ठमीला सांग, बाळाला घेऊन बस बाकड्यावर. मी चढवल्याबिगर टेंपो जात नाय म्हनावं.

हॅलो?… विशू?… अगं बोल… येतंय, येतंय ऐकू. तुजा आवाज दोनदा येतोय, एकदा तू बोलतेस आन मागनं परत तूच… बरं, मी गप ऱ्हाते. तू बोल.

…हो. तार मिळाली काल. मुलगी झाली, दोघी सुखरूप. तुज्या बाबांनी चारदा वाचली आन घडी घालून खिशात ठेवली. ड्यूटीवर घेऊन गेलेत ती तार. आता सगळ्या कर्जत टेशनात म्हाईत झालं असंल, इंजिनवाल्यांपासनं हमालापर्यंत.

मी?… मी काय करनार. रडले थोडी. मंग कामावर आले. दोन बाळंतिनी होत्या हितं.

तू कशी हायस ते सांग आधी… टाके किती?… दुखनारच. बसताना एका कुशीवर बस, सरळ टेकू नको… ताप नाय ना?… दूध?… येईल गं. उद्यापर्यंत येईल. ती ओढते का?… ओढते ना, मंग झालं. ओढनारं पोर असलं का दूध येतंच.

वजन काय भरलं?… पौंडात मला नको सांगू, मला किलोत कळतं… सव्वादोन… हं. तीन हप्ते आधी आली, मंग तेवढंच असनार. सव्वादोनची किती पोरं मी ह्या हातानं घरी धाडली. आता आंब्यावर दगडं मारत फिरतात. भिऊ नको.

आज सोडनार ना?… मंग?… सोडत नाय म्हंजे? का सोडत नाय?… अगं रडतेस कशाला, नीट सांग… काय नाय तुमच्याकडं?… खुर्ची?

खुर्ची कुनाला, तुला?… बाळाला?

विशू, दोन दिसांच्या पोरीला खुर्ची? मान धरत नाय अजून ती. खुर्चीत काय बसंल, सरपंचासारखी?… हसू नको, टाके दुखतील… हां, गाडीतली. गाडीत बसवायची… आन मांडी कशाला हाय मंग? तू मागं बस, पोरीला मांडीवर घे, पदराखाली… पदर नसंल. शाल घे… तसं चालत नाय?… कायदा?

कायदा हाय. बरं… नर्स खाली गाडीपर्यंत येनार, खुर्ची बसवली का बघनार आन मंगच पोर हातात देनार… मंग चांगली हाय की नर्स. तिच्यावर कशाला रागावतेस? मी पन येतेच ना टेंपोपर्यंत. आत्ताच बघ, हितं ठमी म्हनून एक हाय, कळंबच्या वरच्या वाडीतली, ती टेंपोसाठी बसलीय. तिला नीट बसवल्याबिगर मी गजाला जाऊ देत नाय. त्यो होरन वाजवतो, मी ऐकत नाय. तसंच समज.

पन मला सांग, कायदा होता तर खुर्ची आधी का नाय आनून ठेवली? तीन हप्ते आधी आली हे कबूल, पन नऊ म्हैने काय कमी झाले?…

…

हॅलो?… हाय, मी हाय.

हो. मीच लिवलं होतं. जनमाच्या आधी काय म्हनून काय आनायचं नाय… एक टोपडं पन नाय?… दुपटं?… हास्पिटलचंच गुंडाळलंय? अगं विशू, तू तिकडं शिकलेली बाई, मी म्हनले आन तू ऐकत बसलीस?… हो, हो… नाय, मी चिडत नाय. तू ऐकलंस आन मीच चिडते, असं कसं… असू दे. त्याचं नंतर बोलू. आता काय करायचं ते सांग.

किती वाजले तिकडं?… सकाळचे साडेआठ. आमच्याकडं दिवाबत्तीची वेळ झाली… अकराला सोडनार. म्हंजे टाइम हाय.

जावईबापू गेले होते दुकानात?… दोन आनल्या? दोन कशाला?… नको ती परत घेतात? अरे वा, चांगलं दुकान हाय. आपल्या हितं बांगडी हातात चढली का बाईची झाली… बरं, दोनी खुर्च्या तुज्या खाटेशी हायत. आन तुमचं दोघांचं भांडन लागलंय… बरं, भांडन नाय, बोलनं.

एकेक सांग. आधी लहान… कडी हाय वर. बादलीसारखी… कडी धरून पोरीसकट उचलायची, घरात न्यायची. म्हंजे झोप मोडत नाय. बरं हाय… किती दिवस चालंल?… आठ-नऊ म्हैने. मंग पाय बाहेर येनार. कळलं.

आन दुसरी?… मोठी… आता उलटी लावायची, वर्सानं सुलटी लावायची. चार वर्सांची होईपर्यंत तीच…

हं.

नाय, ऐकते हाय. चार वर्सं म्हनलीस. ऐकलं.

तुला लहान पायजे आन जावईबापूंना मोठी. आन माज्याकडं निवाडा… दे, दे त्यांना.

बोला जावईबापू… मी बरी हाय. तुमी दमला असाल, दोन रात्री जागलाय… हो… हो… पेढे?… वाटते, वाटते. हितं सगळ्या वार्डात वाटलेत. आमच्या डाक्टरबाईंनी दोन खाल्ले, त्यांना साखर चालत नाय तरी… बोला, तुमचं म्हननं काय हाय?… हां… म्हंजे वाढत्या अंगाची. आमी शाळेचा झगा शिवतो ना पोरींचा, खाली चार बोटं दुमडून, तशी… बरोबर हाय तुमचं. माजा बाप पन तसाच होता, माज्या लग्नातलं पोलकं त्यानं असं शिवलं का त्यात मी दोनदा मावले असते… नाय, नाय, हसत नाय तुमाला. इचार सरळ हाय. एकदाच आनायची, घट्ट आनायची.

पन मला एक कळत नाय. उलटी लावायची म्हंजे कशी?… तोंड मागं?… गाडी पुढं चालली आन पोरीचं तोंड मागल्या काचेकडं?… आवो पयल्यांदा घरी येतेय ती, आन घराकडं पाठ करून?… दोनी तशाच? लहान पन?

थांबा… थांबा जरा जावईबापू. मला इचार करू द्या.

कळलं. आवो, कळलं मला.

सांगते. आमच्याकडं बाळंतीन टेंपोतनं घरी जाते ना, तवा मी तिला मागं कुठं बसवते? केबिनीला पाठ लावून. तोंड मागच्या फळक्याकडं. ब्रेक लागला का बाकीच्या बाया पुढं येतात, एकमेकींच्या अंगावर पडतात. ती नाय पडत. तिची पाठ केबिनीला चेपते आन पोर तिच्या छातीला. जागचं हलत नाय… हे मला कुनी शिकवलं नाय, मी बघून शिकले. चौकच्या पुलाशी एकदा म्हैस आडवी आली. टेंपोत दोन बाळंतिनी होत्या, दोघींची पोरं मांडीवर. पाठ लावून बसलेलीचं काय झालं नाय. दुसरी पुढं तोंड करून बसली होती, मागनं वारा लागतो म्हनून. तिच्या मांडीवरनं पोर निसटलं… वाचलं, वाचलं. पोत्यांवर पडलं, तांदळाच्या. पन तवापासनं मी कुनाचं ऐकत नाय. वारा लागू दे नायतर काय.

म्हंजे तुमच्या अमेरिकेला पन तेच कळलंय. मंग ते बरोबर हाय, उलटीच लावा. आन मांडीवर घ्यायचं माजं म्हननं मी मागं घेते. तुमच्या गाड्या काय गजाच्या टेंपोसारख्या हळू जात नसतील.

आता विशूला द्या… हां. विशू, ऐक. फोनवर सांगून कळनार नाय. तुज्या पोरीला आधी मोठीत ठेव. आत्ता. जावईबापूंना धरायला सांग, तू वाकू नको… अगं हास्पिटलात हायस, कोन काय बोलतंय. नर्सला पन बोलव. मी थांबते… फोन ठेवू नको, बाजूला ठेव.

…

काय रे गजा? आत कशाला आलास चपला घालून?… अंधार पडायच्या आत जायचंय, मला ठाव हाय. पाच मिनिटं. माजी लेक अमेरिकेत खुर्ची निवडतेय… तुला काय करायचंय कसली खुर्ची. तू टेंपोत गवत टाकलंस का मागं?… मंग टाक जा. वर गोनपाट घाल, दुहेरी.

ठमे, दूध पाज तवर. रस्त्यात पाजायला मिळनार नाय… पाठ कर हिकडं, कोन बघत नाय.

हॅलो?… हां, बोल. ठेवली?… काय होतंय? नीट बघून सांग. पट्टा कुठनं येतो?… खांद्यापास्नं का वरनं?… कानाजवळनं. म्हंजे खांद्याच्या वर राह्यला. मंग धरनार कसा तो तिला?… आन पुढं काय हाय? फळी?… ढालीसारखी, पोटावर येते… पोटावर कुठं, तूच सांगतेस ना, तोंडापुढं आलीय तिच्या. गाडी दचकली का नाक आपटंल… आन मान?… पुढं पडली. हनवटी छातीला लागली… उचल. उचल तिला आधी, विशू. मान अशी पडू द्यायची नाय, श्वास कोंडतो. उचललीस?… बरं.

घाबरू नको. काय झालं नाय तिला. आता लहानात ठेव. सावकाश.

…

बोल… पट्टा खांद्याशी आला. हां… फळी नाय. बरं… पाठ कशी हाय, उभी का आडवी?… अर्धी. निजल्यासारखी आन टेकल्यासारखी, मधली. मान?… मागं टेकलीय. एका बाजूला कलंडते?… ते होनार. त्याला उपाय हाय.

दोन फडकी घे. लंगोटाची चालतील. एकेक गुंडाळी कर, पोळीची करतो तशी. डोक्याच्या दोनी अंगाला एकेक ठेव, खांद्यापर्यंत. डोक्याखाली नाय, पाठीखाली नाय, फक्त बाजूला… हां. आमी हितं तेच करतो वार्डात… राईची उशी? ती मी अजून शिवलीच नाय… शिवून पाठवीन, पन गाडीत घालायची नाय ती. खाली उशी आली का मान पुढं जाते. ती पाळन्यात… बरं, तिकडं पाळना नसतो. असंल त्याच्यात.

आता कशी दिसते?… डोळे मिटले? हात वर केलाय?… मंग बरं वाटलं तिला. नायतर रडली असती. नर्स काय म्हनते?… तिला पन पटलं. चला, दोन आया एक झाल्या.

मंग ठरलं. लहानच घ्या.

…काय म्हनतात जावईबापू?… आठ म्हैन्यांनी परत आनावी लागंल, हो. तवाचं तवा बघू… मोठी परत देऊन टाका. कशाला घरात अडचन… अगं तवाचं तवा बघू म्हनते ना. आत्तापासनं कशाला पुढचं… नाय. नाय विशू, मी काय म्हनते ते ऐक ना, पुढचं पुढं. आधी आठ म्हैन्यांची होऊ दे…

काय?

काय इचारलंस?… परत बोल, आवाज तुटतोय… मी मानेमुळं म्हनते का आनि कशामुळं?… कशामुळं म्हंजे… अगं आत्ताच बघितलं ना तू, पट्टा कानाशी… हॅलो?… विशू?… हॅलो, हॅलो… दादा, एक्स्चेंज… हॅलो?

गेला.

भागी, गेला गं फोन… नाय, ठेवत नाय मी… ठेवला पायजे का? ठेवल्याशिवाय परत लागत नाय? बरं. ठेवला.

लागंल परत. ती लावंल. हट्टी हाय, माज्यावर गेलीय… काय ठमे?… नाय गं, रडत नाय. तिनं एक इचारलं, त्याचं उत्तर माज्याकडं हाय आन मी देत नाय, म्हनून बसले… तुला काय सांगू. तिला म्हनले, लहान खुर्ची घे. बरोबरच सांगितलं. पन मोठी परत दे म्हनले ते कशाला म्हनले, ते तिनं धरलं बरोबर… काय म्हनतेस?… सांगून टाकू?… तुला सोपं वाटतं. एकतीस वर्सं झाली बाय त्याला.

वाजला. सरक.

हॅलो?… हो दादा, मीच. जोडा… विशू… हो, तुटला होता. मला वाटलं तुलाच राग आला… बरं. पोरगी झोपली? त्याच बादलीत?… असू दे. तू बसलीस का? पाठीला उशी घे.

ऐक. तू इचारलंस ना. मधी बोलू नको, मला एकदाच सांगता येईल.

तुज्या आधी एक होता. मुलगा… हो. तुजा थोरला भाऊ… तुला कुनी सांगितलं नाय, कारन मीच नको म्हनले होते. तुज्या बाबांना पन शपथ घातली होती… ऐक ना.

पंचावन साल. आपन बुद्ध झालो त्याच्या आदल्या वर्सी. मी एकोनीस वर्सांची. मला सातवा लागला आन तुज्या आज्यानं पोशीरच्या सुताराकडनं पाळना करून आनला. सागाचा, चारी कोपऱ्यांना लाकडी पोपट. तुजा आजा बुधाजी इतका खूश होता, येताना पाळना डोक्यावर घेऊन अख्ख्या दहिवलीतनं चालत आला, लोकांना दाखवत. पोर झालं. घरीच झालं, तवा कोन दवाखान्यात येतंय. चांगलं रडलं, चांगलं ओढत होतं. सातव्या दिवशी तोंडच उघडंना त्याचं. अंग ताठ. नवव्या दिवशी गेलं. बारसं झालं नव्हतं, म्हनून नाव पन नाय त्याला.

तुजी आजी ठकूबाई म्हनाली, पाळना आधी आला, म्हनून पोर गेलं. बस. सगळ्यांनी तेच धरलं. मी पन. म्हातारा मरेपर्यंत माज्याशी डोळ्याला डोळा देऊन बोलला नाय.

मंग छप्पन साल आलं. देव्हारा उचलून उल्हास नदीत सोडला, माज्या हातानं सोडला. गंडेदोरे तोडले, उपास सोडले, सटवी पुजायची ती सोडली. सगळं सुटलं विशू. ही एक भीती तेवढी सुटली नाय. ती काय देव्हाऱ्यात नव्हती, काढून टाकायला.

आन खरं सांगू? मला ठाव हाय का पाळन्याचा काय दोष नव्हता. पंचवीस वर्सांपासनं ठाव हाय. हितं कामाला लागले, पयल्याच पावसाळ्यात बाईंनी एक पोर दाखवलं, तसंच तोंड मिटलेलं, तसंच ताठ. म्हनाल्या, मालन, हा धनुर्वात. नाळ कशानं कापली इचार. इळ्यानं कापली होती… आमची पन इळ्यानंच कापली होती. गवत कापायचा इळा, पानी मारून पुसलेला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले तवा. तवापासनं किती बायांना सांगितलं असंल, ब्लेड उकळा, दोरा उकळा. एक पोर तसं जाऊ दिलं नाय माज्या हातनं.

आन तुला पत्र लिवायला बसले तर हातानं आपोआप तेच लिवलं. काय आनू नको. जनमाच्या आधी काय आनू नको.

…

रडू नको. रड, रड. दोन दिवसांची बाळंतीन हायस, रडू येनारच… हो… हो गं माजी बाय.

आत्ता पन तेच झालं. मान, पट्टा, ते सगळं खरं हाय. आज लहानच पायजे तिला, ह्यात माजी भीती नाय, माजं काम हाय ते. पन तू चार वर्सं म्हनलीस ना, तवाच मी मनात नको म्हनले. दोन दिवसांच्या पोरीचं चार वर्सांचं कसं बोलायचं. म्हनून तोंडातनं निघालं, मोठी परत द्या. ते मानेमुळं नव्हतं. ते भ्याले म्हनून.

काय?… काय म्हनलीस?… नाव ठरवलंय? कधीपासनं?… पाचव्यापासनं. आन कागदावर लिहायला इचारलं तर सांगितलं नाय?… का?… माज्यामुळं?

म्हंजे मी पोस्टानं तीच भीती तुला धाडली. वा. राईची उशी धाडली नाय, ही धाडली.

सांग नाव. आत्ता सांग मला… उत्पला?… उत्पला. काय त्याचा अर्थ?… निळं कमळ. लई चांगलं हाय. जिभेला जड नाय… परत बोल, मला तुज्या तोंडातनं ऐकू दे… हां. जा, कागदावर लिहून टाक आधी. नर्स आली का पयलं ते.

आता जावईबापूंना सांग, मोठी खुर्ची परत न्यायची नाय… परत न्यायची नाय म्हनते. ऐकू आलं?… हो. लहान आज गाडीत लावा. मोठी घरी घेऊन जा आन समोर ठेवा, येता जाता दिसंल अशी. वर्सानं लागंल तिला. तवा फळी पन पोटावर येईल आन पट्टा पन खांद्यावर येईल… हो, दोनी. त्यांना सांग, सासू म्हनाली तुमचं पन बरोबर होतं, फक्त वर्सभर आधी होतं… हसले? हसू दे. चांगले हायत ते.

काय?… आता मी तुला बजावते म्हनून करू नको. तुला वाटतंय ना?… वाटतंय. मंग झालं.

बरं, ते फडक्याचं ध्यानात ठेव. दोनी बाजूला, खाली नाय. तिला जाड काय घालून पट्टा लावू नको, आधी पट्टा, मंग वरनं पांघरून. तू मागं बस, तिच्याशेजारी, पुढं नाय. हात तिच्या अंगावर ठेव. तोंड मागं असलं तरी आईचा हात कळतो… आन जावईबापूंना म्हनावं, हळू चालवा. रस्ता मोकळा असला तरी हळू.

…आले रे गजा, आले. हा बघ परत आत आला. होरन वाजवला तर किल्ली काढून घेईन… भागी, तू ने ठमीला. केबिनीला पाठ लावून बसव, गवतावर. थंडी लागंल म्हनाली तर माजी शाल दे, पन तोंड पुढं करू देऊ नको. मी आलेच.

नाय, तुला नाय गं विशू. हितलं चाललंय.

थांब, भागी, जाऊ नको. एक सांगून जा. तुजी मधली पोरगी किती वर्सांची?… चार पुरी झाली ना दिवाळीत?… मंग सकाळी तिला घेऊन ये हिकडं. नाय गं, इंजेक्शन नाय, माप घ्यायचंय.

हॅलो, विशू? हाय, हाय मी… नाय, झबली-टोपडी तुमी तिकडं घ्या आजच, दुकानं हायत ना. राईची उशी मी शिवते. पन आत्ता हितनं मी बाजारात जानार हाय. आठापर्यंत कापडवाला उघडा असतो… फ्रॉकाचं कापड घ्यायला. उत्पलाच्या… दोन दिवसांच्या नाय. चार वर्सांच्या पोरीचा. निळं मिळालं तर निळं… अगं मापाला भागीची पोरगी हाय ना. शिंप्याला सांगते, खाली चार बोटं जास्त दुमड.

हो… हो, वाढत्या अंगाचा. ठेव आता, पोरगी उठंल.